सातव्या वर्षी एकच खेळ कशाला ठरवायचा?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पुण्यातल्या मैदानांबाहेर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात आणि सहा-सात वर्षांच्या मुलांचे पालक एकमेकांना विचारू लागतात, "तुम्ही कशाला घातलंय, क्रिकेटला की बॅडमिंटनला?" या वयात एक खेळ निवडायलाच हवा, हे या प्रश्नात गृहीत धरलेले असते आणि मला नेमके तेच घातक वाटते. माझी मुलगी ७ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा. निदान बाराव्या वर्षापर्यंत तरी मुलांना एकाच खेळाला बांधू नये, या मतावर मी ठाम आहे.

पहिले कारण शरीराचे आहे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो, हाडाची लांबी तिथूनच वाढते आणि किशोरवय सरेपर्यंत तो भाग आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक असतो. वर्षभर तीच हालचाल केली की ताण त्याच जागी साठत जातो. जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, सतत धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्यांचा गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असा सल्ला दिला आहे की एकाच खेळावर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय १५-१६ व्या वर्षापर्यंत लांबवावा, आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून मुलाला दूर ठेवावे.

असे केल्याने मूल मागे पडेल, ही भीती मला समजते, कारण दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि निवड चाचण्यांची चर्चा आपल्या घरांत फार लवकर सुरू होते. ही भीती वाटणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले. मूल ११ वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते आणि क्रमवारी नाहीत, १३ वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे १६ सुवर्णपदके जिंकली. या यशाचे सगळे श्रेय त्या नियमांना देता येणार नाही, परंतु स्पर्धा उशिरा सुरू केल्याने खेळाडू घडत नाहीत, ही समजूत मात्र त्यामुळे टिकत नाही.

आपल्याकडे तर विविधता घरचीच आहे. लंगडीत एका पायावरचा तोल, लगोरीत नेम, आट्यापाट्यांत हुलकावणी आणि खो-खोमध्ये खाली बसलेल्या स्थितीतून क्षणार्धात उठून दिशा पकडणे, हे सारे पुढे कोणत्याही खेळात उपयोगी पडते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, पुण्याचे होते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मुलींबाबत मला वेगळी काळजी आहे. बारा-तेराव्या वर्षी पाळी सुरू होते, कपड्यांविषयी संकोच वाढतो, मैदानावर धड स्वच्छतागृह नसते आणि चांगली खेळणारी मुलगी हळूहळू यायची बंद होते. त्याविषयी घरातल्या बाबांनीही मुलीशी मोकळेपणाने बोलले पाहिजे आणि शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तिथले स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहिले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. शिबिराची वेळ तासाभराची असली, तरी तेवढी हालचाल होतेच असे नाही. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी मी कुंपणाबाहेर उभी राहून एक पूर्ण सत्र पाहते: मुले किती वेळ पळतात आणि किती वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहत रांगेत उभी असतात, झेल सुटलेल्या मुलाशी सर कोणत्या आवाजात बोलतात, पाणी प्यायला मध्ये थांबू देतात का. रांगच लांब असेल, तर फी कितीही कमी असली तरी मी तिथे मुलांना घालत नाही.