आवाज पंचेचाळीसवर

बाबांना कमी ऐकू येतं. संध्याकाळी ते बातम्या मोठ्याने लावतात, आणि रात्री दहानंतर मुलीने तोच टीव्ही लावला की अख्खं घर दचकतं. टीव्हीचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो तो डेनॉन रिसीव्हर. म्हणून त्याच्या मागचं नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारं सीरियल पोर्ट, यूएसबी कन्व्हर्टरने ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाला जोडलं.

दोन्ही बाजूंना जुळवायचं सेटिंग साधं : ९६०० बॉड (वेग), ८ बिट, पॅरिटी (चूक ओळखणारा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). मग नुसता मजकूर पाठवायचा. ‘एमव्ही ४५’ ही अक्षरं रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. आवाज थेट ४५वर येतो. रिसीव्हरच्या मोजपट्टीवर ८० म्हणजे शून्य डेसिबल (ही संदर्भपातळी, शांतता नव्हे), म्हणजे ४५ हा उणे ३५. ‘४५५’ पाठवलं तर ते साडेपंचेचाळीस. अर्ध्या डेसिबलसाठी तिसरा अंक असतो. आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह पाठवलं की रिसीव्हर सध्याचा आवाज कळवतो.

माझी पहिली संध्याकाळ मात्र कोरडी गेली. काहीच हलेना. वायर बदलली, पोर्ट बदललं. शेवटी लक्षात आलं, ओळीच्या शेवटी मी लाइन फीड हे ओळ संपवणारं न दिसणारं अक्षर पाठवत होतो. रिसीव्हरला हवा कॅरेज रिटर्न, म्हणजे तसंच पण १३ क्रमांकाचं अक्षर. तेवढं बदललं आणि पडद्यावर आकडा उमटला. काय आनंद झाला!

रिमोटच्या इन्फ्रारेडला उत्तर देता येत नाही, म्हणून मला सीरियलच आवडतं. बाबांनी नॉब फिरवला तरी नवा आकडा रास्पबेरी पायकडे आपोआप येतो. आता रोज रात्री दहाला आवाज ४५च्या वर असेल तरच त्यावरची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तो खाली आणते, तोही एकेक पायरीने, बाबांना खटकू नये म्हणून.