नेरूळचा वन बीएचके की उलव्याचा टू बीएचके?

सानपाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार चौथ्यांदा संपत आला तेव्हा घरमालकांनी भाडं वाढवायचं नावच काढलं नाही. उलट चहा पाजला, मुलीच्या शाळेची चौकशी केली. इतकं प्रेम आलं की भाडेकरूने समजून जायचं. चहाचा कप खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "मुलाचं लग्न ठरलंय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघा तुमचं काहीतरी." ही 2023 च्या दिवाळीची गोष्ट.

आमचं बजेट नव्वद लाखांच्या आतलं. तेवढ्यात नेरूळ पूर्वेला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके येत होता, नाहीतर उलव्याला कोरा करकरीत टू बीएचके, लिफ्ट आणि स्टिल्ट पार्किंगसकट. दोन्ही जागा नवी मुंबईतल्याच, दोन्ही हे शहर वसवणाऱ्या सिडकोनेच आखलेल्या. फरक वयाचा.

नवऱ्याचं मत पहिल्या दिवसापासून उलवे. तो फोर्टात नोकरीला, मी वाशीला. मुलीला स्वतंत्र खोली हवी आणि सासूबाईंना रात्री हॉलमध्ये गादी टाकायला लागू नये, हे त्याचं म्हणणं. चुकीचं काय होतं त्यात?

पहिल्यांदा उलव्याला गेलो तेव्हा नेरूळहून लोकल खारकोपरपर्यंत, म्हणजे उलव्याच्या स्टेशनपर्यंतच जायची. दुसऱ्यांदा गेलो ते जानेवारीच्या शेवटी. मधल्या काळात, 12 जानेवारी 2024 ला, समुद्रावरून मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी रेल्वेही पुढे उरणपर्यंत गेली. त्याच बिल्डिंगचा त्याच मजल्यावरचा फ्लॅट पंधरा दिवसांत चार लाखांनी महागला होता. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, सेतूवरून वीस मिनिटांत साउथ मुंबई. आणि एअरपोर्ट सुरू झाला ना, की मग हा रेट तुम्हाला स्वप्नातसुद्धा दिसणार नाही."

आमच्याकडे ॲक्टिव्हा आहे. अटल सेतूवर दुचाकीला बंदी. गाडी घेतली असती तरी एका फेरीचा टोल 250 रुपये. रोज जाऊन-येऊन महिन्याला किती होतात ते नवऱ्याने तिथेच मोबाइलवर काढलं आणि मोबाइल खिशात ठेवला. म्हणजे आमच्यासाठी तो एकवीस-बावीस किलोमीटरचा पूल फक्त बाल्कनीतून बघायचा. उरलं काय, तर लोकल. ती चुकली की तास गेला असं समजायचं, कारण या मार्गावर गाड्याच मोजक्या. खारकोपरच्या कोऱ्या, लांबलचक फलाटावर आम्ही तिघं आणि एक कुत्रं, असे पाऊणतास बसलो होतो.

तरी मन उलव्याकडेच झुकत होतं हे कबूल करते. घर होतंच तसं. बेडरूमला दोन खिडक्या, स्वयंपाकघराला लागून छोटा ड्राय एरिया, ओट्याची उंची माझ्या हाताला बरोबर बसणारी. सासूबाई मात्र गच्चीपर्यंत जाऊन आल्या, खाली उतरल्या आणि त्यांनी ब्रोकरला एकच प्रश्न विचारला. "इथे पिठाची गिरणी कुठंय?"

ब्रोकरने सुपरमार्केट दाखवलं. तिथे पिठाची पाकिटं मिळतात म्हणाला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या काही बोलल्या नाहीत की आमच्याकडे विषय संपत नाही, सुरू होतो. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "गिरणीवाला उगाच दुकान टाकत नाही. रोज दळण येईल एवढी माणसं राहायला आली की मग टाकतो."

त्यांचं ऐकून मी पुढच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर न सांगता एकटीच उलव्याला गेले. रात्रीचे पावणेनऊ. त्या बिल्डिंगच्या आणि शेजारच्या दोन बिल्डिंगच्या उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये छप्पन्न फ्लॅट, त्यातले बहुतेक विकले गेलेले असं ब्रोकर सांगत होता. दिवे अकरा घरांत. उरलेले फ्लॅट विकले गेले असतीलही, पण घेणारे तिथे राहत नव्हते, भाव वाढायची वाट बघत होते. वॉचमन सोलापूरकडचा निघाला. खुर्ची दिली, आणि मी घर घेणारी आहे हे कळल्यावर आवाज जरा खाली आणून म्हणाला, "पाण्याचं तेवढं बघून घ्या ताई. हेटवणे धरणाचं पाणी येतंय, पण कमी दाबानं. मार्च आला की टँकर लागतोय." टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात फोन केला, तर त्यांनाही माहीत नव्हतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. उलव्यातले बरेच प्लॉट साडेबारा टक्क्यांचे, म्हणजे सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या प्रकल्पग्रस्तांना विकसित करून परत दिलेले. त्या मागे 1984 च्या जासईच्या आंदोलनाचा आणि दि. बा. पाटलांचा मोठा इतिहास आहे. प्लॉट साडेबारा टक्क्यांचा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त मूळ वाटपापासून बिल्डरपर्यंत तो कोणाकोणाच्या हातातून गेला, सिडको, मूळ मालक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार झालाय का, एवढं वकिलाकडून बघून घ्यावं. आम्ही अडलो ओसीपाशी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रापाशी. ओसी नसताना बुकिंग केलं तर पाच टक्के जीएसटी, ओसी मिळाल्यावर घेतलं तर शून्य. अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरावर हा फरक चार लाख चाळीस हजारांचा. विचारलं की ब्रोकर म्हणायचा, "ओसी आल्यातच जमा आहे." जमा आहे आणि आली आहे, यातल्या फरकाचे पैसे आम्ही भरायचे होते.

नेरूळची गंमत वेगळी. तिथे घर बघायला गेलं की आधी जिन्याचा वास येतो: फोडणी, फिनेल आणि ओल. आम्ही जे घर शेवटी घेतलं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी घरून टेप नेला होता. ब्रोकर सव्वापाचशे म्हणाला, करारात बिल्ट-अप, म्हणजे भिंतींची जाडी धरून लिहिलेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं, बाथरूमसकट, तर 408 चौरस फूट भरलं. मालकांसमोरच गुणाकार केला. त्यांनी नम्रपणे खिडकीबाहेर पाहिलं.

पण नळ सोडला दुपारी अडीच वाजता आणि पाणी आलं, धो धो. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं आहे, ते कौतुक नवी मुंबईकर उगाच करत नाहीत. खाली उतरल्यावर डाव्या हाताला गिरणी, तिच्या बाहेर डबे रांगेत लावलेले, प्रत्येकावर मार्करने आडनाव. सासूबाई ते डबे वाचत उभ्या राहिल्या. कुलकर्णी, म्हात्रे, पिल्ले, जाधव, शेख, पुन्हा म्हात्रे.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारात आल्या. त्या 1988 पासून नेरूळमध्ये. म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा इथे काय होतं? संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिवा नाही, खाडीच्या बाजूने कोल्हेकुई. दादरचे पाहुणे म्हणायचे, कुठे जाऊन पडलात." मानखुर्दहून रेल्वे वाशीला आली 1992 मध्ये, नेरूळला त्यानंतर. तोवर त्या पोरांना काखेत घेऊन बसला लटकत होत्या. मी हिशेब केला, चार-पाच वर्षं. मला एकदम खारकोपरचा तो रिकामा फलाट आठवला. काकूंचं नेरूळ म्हणजे तेव्हाचं उलवेच. फक्त ती वर्षं त्यांनी काढली आणि आता मी त्यांचे पैसे मोजत होते, दर चौरस फुटाला.

काकू तेव्हा सत्तावीसच्या होत्या. माझी मुलगी चौथीत, सासूबाईंचे गुडघे सत्तरीचे. उलवे वाईट म्हणून आम्ही सोडलं नाही. ते भरायला लागणारी वर्षं आमच्या घरात कोणाकडे शिल्लक नव्हती. नवऱ्याला हे पटायला दोन रविवार लागले, आणि अजून कधीकधी तो ड्राय एरियाची आठवण काढतो.

टोकन दिलं फेब्रुवारीत आणि तिथून पुढे खरा वनवास.

विकणारे गृहस्थ घराचे मालक नव्हतेच, नॉमिनी होते. घर वडिलांचं, वडील वारले, सोसायटीने नॉमिनेशन बघून शेअर सर्टिफिकेटवर यांचं नाव चढवलं. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की झालं, घर आपलं. आमच्या वकीलबाईंनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न टाकला, "बहीण-भाऊ किती?" नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालकी वारसांची. एक बहीण होती, इंदूरला. भावाबहिणीचं बोलणं तीन वर्षं बंद, कारण आईच्या पाटल्या. मग घर घेणारी मी, इंदूरला फोन लावून ज्या बाईंना कधी पाहिलंही नाही त्यांना "ताई, तुम्ही एकदा येऊन जा ना" म्हणून विनवत होते. त्या आल्या एप्रिलच्या अखेरीस. हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला, आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर उसाचा रस पिताना भावाला म्हणाल्या, "पाटल्या ठेव तू." पाटल्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, पण फार इच्छा होती.

जुन्या घराला बँक नव्या घरासारखी हसत कर्ज देत नाही, हेही तेव्हाच कळलं. व्यवहार 78 लाखांचा, बँकेच्या माणसाने किंमत काढली 74. कर्ज त्याच्या ऐंशी टक्के, म्हणजे 59 लाख 20 हजार. आमच्या वहीत 62 लाख 40 हजार लिहिलेले. मधली तीन लाख वीस हजारांची फट माझ्या दागिन्यांनी बुजवली. शिवाय बिल्डिंगचं वय बघून हप्ते वीसऐवजी पंधराच वर्षांचे, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आधी आणा. अहवाल सोसायटीकडे होता, पण तो मिळवायला सेक्रेटरींच्या घरी चार चकरा. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे तिथली परवानगी आणि हस्तांतर शुल्क वेगळं. हे सगळं रोख, कर्जात न बसणारं. बजेट करताना घराच्या किमतीवर आठ-नऊ टक्के बाजूला ठेवा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

सोसायटीने हस्तांतराच्या वेळी दोन लाखांची "ऐच्छिक देणगी" मागितली. ऐच्छिक असेल तर माझी इच्छा नाही, असं मी म्हणाले, तेव्हा समितीतल्या एका काकांना माझं बोलणं उद्धट वाटलं. हस्तांतर प्रीमियम 25 हजारांच्या वर घेता येत नाही. मी तेवढ्याचा चेक आणि सोबत एक साधं पत्र दिलं, पत्राची पोच घेतली. महिनाभर कोणी जिन्यात हसलं नाही. गणपतीत आरतीला गेल्यावर ते निवळलं.

घर एकटीच्या नावावर घेतलं. त्यात स्त्रीमुक्ती वगैरे काही नाही. घेणारी फक्त बाई असेल तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी, सातऐवजी सहा. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. तो कर्जात सहअर्जदार राहिला. वाचले 78 हजार. ब्रोकरचे एक टक्का गेले तेही 78 हजार. आणि पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो, तो पुन्हा 78 हजार. जूनमधल्या नोंदणीच्या दिवशी मी तीन वेगळ्या रकान्यांत तोच आकडा लिहिला आणि ऑपरेटरने मला दोनदा विचारलं, चुकलं नाही ना.

श्रावणात राहायला आलो. मुलीचं टेबल हॉलच्या खिडकीशी लावलं, सासूबाई बेडरूममध्ये, आम्ही दोघं हॉलमध्ये. तीन जिने त्या दिवसातून दोनदा सावकाश चढतात, दुसऱ्या मजल्यावर म्हात्रेंच्या दाराशी थांबतात आणि तिथे अर्धा तास जातो.

मागच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर पाचवा मुद्दा होता पुनर्विकासाचा. भिंतीला चोवीस मजली इमारतीचं चित्र टेकवून ठेवलेलं, त्यात झाडं, कारंजं आणि आमच्या कोणाहीसारखी न दिसणारी माणसं. अर्ध्याहून जास्त लोकांची संमती आहे म्हणे. तीन वर्षं बाहेर राहायचं, भाडं बिल्डर देणार, ते चालू भावाच्या मानाने कमीच. इथल्या इथे राहायचं तर खिशातून घालावे लागतील. काकू घरी आल्यावर रडल्या. 1988 पासूनच्या त्यांच्या फरशा. मीही ठरल्या जागी आले म्हणून निश्चिंत झाले होते, आणि सव्वा वर्षात पुन्हा टेप शोधत होते.

8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, तरी नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या भाड्यात बसेल असा टू बीएचके अजून एकाच ठिकाणी मिळतोय. त्याने तीन घरं काढून ठेवलीत, तिन्ही खारकोपर स्टेशनपासून चालत. येत्या रविवारी बघायला जायचंय. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आतापर्यंत तिथे गिरणी झाली असेल का रे?"