एक जूनची जन्मतारीख आणि दातांचे वय

जानेवारीतल्या एका संध्याकाळी जत तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्या सांगलीच्या दवाखान्यात आले. मुलगा तालमीत सराव करणारा. आदल्याच महिन्यात जोडीदाराचे कोपर हनुवटीवर बसल्यामुळे जबडा मोडला की काय, या शंकेने आम्ही त्याचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, काढला होता आणि हाड शाबूत असल्याचे पाहून सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता. या वेळी दुखणे काहीच नव्हते. वडिलांना दाखला हवा होता. मुलगा पंधराच्या आतला आहे असे दातांच्या डॉक्टरांनी लिहून दिले तर त्याला त्या वयोगटात कुस्ती खेळता येईल, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. शाळेच्या कागदावरची जन्मतारीख १ जून होती आणि तिच्याप्रमाणे मुलाला पंधरा केव्हाच पूर्ण झाली होती.

"मॅडम, ती तारीख गुरुजींनी टाकल्याली हाय," ते म्हणाले. "पोरगं आजोळी घरातच जन्मलं. नोंद न्हाई कुठं."

त्यांच्या बोलण्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण नव्हते, कारण १ जून ही तारीख आमच्याही घरात आहे. जून महिन्यात शाळा सुरू होते, प्रवेशाच्या वेळी मुलाचे ठराविक वय पूर्ण झालेले असावे लागते आणि पालकांना तारीख आठवत नसेल तर गुरुजी सोयीची तारीख लिहून मोकळे होतात. महाराष्ट्रातील कित्येक माणसे अशी एकाच दिवशी जन्माला आली आहेत. माझ्या सासूबाई पाटण तालुक्यातल्या. त्यांच्या कागदोपत्री १ जून १९६५ आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या आईने त्यांना पाळण्यातून उचलून अंगणात धाव घेतली होती, ही हकिगत त्यांच्या माहेरी आजही सांगितली जाते. अडीच वर्षांच्या मुलीला कोणी पाळण्यात निजवत नाही. माणसाच्या वयाचा पुरावा कागदापेक्षा आठवणीत अधिक खरा असावा, आणि आठवणीला मात्र कोणत्याही कचेरीत किंमत नसावी, ही आपल्याकडची जुनी अडचण आहे. वैद्यक, दंतवैद्यक आणि न्यायवैद्यक या तिन्ही शास्त्रांतील अलीकडचे बरेच संशोधन नेमके याच अडचणीपाशी येऊन मिळते, आणि म्हणून गेली काही वर्षे मी ते आवडीने वाचत आले आहे.

वाढत्या वयात दातांवर भरवसा ठेवण्याचे कारण असे की हाडांच्या वाढीवर कुपोषण, आजार आणि संप्रेरके यांचा जेवढा परिणाम होतो, तेवढा दातांच्या घडणीवर होत नाही. दात हिरडीतून केव्हा वर येतो यापेक्षा जबड्याच्या आत तो कितपत घडला आहे, हे पाहणे अधिक विश्वासाचे असते. १९७३ साली डेमिर्जियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील फ्रेंच वंशाच्या मुलांचे एक्स-रे अभ्यासून एक पद्धत मांडली. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे, प्रत्येक दाताची घडण आठ टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवायचे, पहिल्या टप्प्यात दाताच्या माथ्यावर कठीण ठिपके दिसू लागतात आणि आठव्यात मुळाचे टोक पूर्ण बंद होते, आणि सर्व दातांच्या गुणांची बेरीज करून कोष्टकातून वय काढायचे. पद्धत इतकी सुटसुटीत आहे की जगभर ती वापरली गेली. आणि जगभर वापरली गेल्यामुळेच तिची मर्यादाही उघड झाली. इतर देशांतील मुलांना ती लावली की पुष्कळदा खऱ्यापेक्षा जास्त वय निघते. भारतीय मुलांच्या बाबतीतही असाच अनुभव आला, आणि धारवाडचे डॉ. अशिथ आचार्य यांनी अक्कलदाढेसह आठ दात धरून भारतीयांसाठी वेगळी सूत्रे २०११ साली प्रसिद्ध केली. सांगलीहून धारवाड काही फार दूर नाही. कॅनडातल्या मुलांच्या कोष्टकावर जतच्या मुलाचे वय ठरवायचे नाही, हे आपल्याच शेजारच्या एका दंतवैद्यकीय महाविद्यालयातून सप्रमाण सांगितले गेले याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कुस्तीचा वयोगट चुकला तर एक हंगाम जातो. न्यायालयात हाच प्रश्न आला की त्याचे वजन फार वेगळे होते. आरोपी अठरा वर्षांच्या आतला आहे की नाही, पीडित मुलगी अज्ञान होती की सज्ञान, लग्न झाले तेव्हा वधूचे वय काय होते, यांपैकी प्रत्येक प्रश्नात अठरा ही एक ठाम रेषा आहे, आणि शरीरात मात्र अशी रेषा कुठेच आखलेली नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये त्यासाठी क्रम घालून दिला आहे: आधी शाळेचे किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. कायद्याने वैद्यकीय चाचणीला शेवटचे स्थान दिले हे मला योग्य वाटते. एक्स-रेवरून ठरवलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच जयामाला प्रकरणात मान्य केले होते. क्रमातला पहिला कागद १ जूनचा असला म्हणजे काय होते, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

अठरा वर्षांच्या आसपास बाकीच्या दातांची मुळे बंद झालेली असतात आणि घडत असलेली एकच दाढ उरते, ती म्हणजे अक्कलदाढ. इटलीतील कॅमेरिएरे यांनी २००८ साली तिच्या मुळांच्या उघड्या टोकांची रुंदी आणि दाढेची लांबी यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत सुचवली, आणि ते ०.०८ पेक्षा कमी असेल तर व्यक्ती अठरा वर्षांची किंवा त्याहून मोठी मानावी असा निकष ठेवला. त्यानंतर भारतासह अनेक देशांतील एक्स-रेंवर हा निकष तपासून पाहिला गेला. त्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की चूक कोणत्या बाजूला होते याचा हिशेब आता वेगळा मांडला जातो. सोळा वर्षांच्या मुलाला अठराचा ठरवणे आणि एकोणीस वर्षांच्याला सतराचा ठरवणे या गणितात सारख्या चुका असल्या तरी न्यायात सारख्या नाहीत. शिवाय अक्कलदाढ काहींना येतच नाही, काहींची आडवी अडकून बसते, आणि तिच्या वाढीचा वेग माणसागणिक बराच बदलतो.

आता एक्स-रेवरून वय सांगणारे संगणकीय प्रारूप शिकवण्याचे प्रयोग पुष्कळ चालले आहेत. त्यांचा वेग आणि सातत्य उपयोगी आहे. पण ज्या मुलांचे एक्स-रे दाखवून यंत्राला शिकवले, त्या मुलांसारख्याच मुलांविषयी त्याचे म्हणणे धरावे. डेमिर्जियन यांच्या कोष्टकाचा धडा इथेही तसाच लागू पडतो.

दुधाच्या दातांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण ते कौलावर फेकून देतो. बाळ जन्माला येते त्या वेळी दाताचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, तयार होत असते आणि जन्माच्या धकाधकीची एक बारीक रेघ त्यात कायमची उमटते. ही रेघ सूक्ष्मदर्शकाखाली सापडली तर अर्भक जन्मानंतर काही दिवस जिवंत होते असे न्यायवैद्यकात अनुमान काढता येते. २०२१ साली इंग्लंडमधील सत्तर मुलांच्या पडलेल्या दुधाच्या सुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईला नैराश्य किंवा अन्य मानसिक आजार होऊन गेला होता त्या मुलांमध्ये ही रेघ साधारणपणे रुंद आढळली, आणि ज्यांच्या आईला बाळंतपणानंतर माणसांचा भरपूर आधार मिळाला त्यांच्यात ती अरुंद आढळली. सत्तर ही संख्या लहान आहे आणि असा संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. तरीही आईच्या मनावरचे ओझे बाळाच्या दातात वाचता येऊ शकेल, ही शक्यता वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

मोठ्या माणसाचे वय काढणे याहून अवघड. स्वीडनमधील गुस्ताफसन यांनी १९५० साली दातांची झीज, हिरडीचे मागे सरकणे, आतील पोकळीत साठणारे दुय्यम डेंटिन (इनॅमलच्या आतले दाताचे द्रव्य), मुळावर चढणारे सिमेंटमचे (मुळाच्या बाहेरच्या आवरणाचे) थर, मुळाचे विरघळणे आणि मुळाच्या टोकाची पारदर्शकता, अशी सहा लक्षणे एकत्र मोजली. पण झिजेवर किती विसंबावे? सातारा-सांगलीच्या खेड्यांत वर्षानुवर्षे मिश्रीने दात घासणाऱ्या बायकांचे चाळिशीतले दात साठीच्या दातांसारखे दिसतात, हे मी रोज पाहते.

या अडचणीवर स्टॉकहोममधील शास्त्रज्ञांनी जी वाट काढली, तिने मी थक्क झाले. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे, म्हणजे किरणोत्सारी कार्बनचे, प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले, आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते हळूहळू उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींतून अन्नात आणि अन्नातून शरीरात येतो. इनॅमल एकदा घडले की पुन्हा बदलत नाही, त्यामुळे ते घडत असतानाच्या हवेतील कार्बन त्यात जसाच्या तसा राहतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जन्मवर्ष सरासरी १.६ वर्षांच्या फरकाने सांगता आले होते. प्रमाण आधी वाढले आणि मग उतरले, त्यामुळे एकाच आकड्याशी दोन वर्षे जुळू शकतात. तेव्हा वेगवेगळ्या वयात घडणारे दोन दात तपासून त्यांतले खरे कोणते ते ठरवतात. सासूबाईंच्या पहिल्या दाढेचे इनॅमल कोयनेच्या भूकंपाच्या आगेमागे घडले. त्यांना हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझं खरं वय माझ्याच तोंडात हाय की!" अर्थात त्यासाठी दात काढून तपासावा लागतो, आणि त्यांचे दात चांगले आहेत.

दातांच्या पुराव्याविषयी इतक्या आपुलकीने लिहिताना त्याच शास्त्राच्या एका फांदीची गोष्ट सांगणे मी टाळू शकत नाही. कातडीवरचा चावा अमुक माणसाचाच, असे शपथेवर सांगणाऱ्या तज्ज्ञांच्या साक्षीवर अमेरिकेत रे क्रोन यांना १९९२ साली खुनाच्या आरोपात दोषी ठरवून फाशीची शिक्षा देण्यात आली होती. पुढे डीएनए तपासणीने ते निर्दोष असल्याचे दाखवले आणि २००२ साली ते सुटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात चाव्याच्या खुणांच्या विश्लेषणाला पुरेसा शास्त्रीय पाया नाही असा निष्कर्ष काढला आहे. आपल्याकडे दिल्लीतील २०१२ च्या निर्भया प्रकरणात अशा खुणांचा अहवाल न्यायालयासमोर आला होता, पण तिथे डीएनएसह इतर भक्कम पुरावाही होता. कातडी ताणते, सुजते, रंग बदलते. तिच्यावर उमटलेला ठसा म्हणजे प्लास्टरमध्ये घेतलेले माप नव्हे. याउलट मृताच्या दातांची त्याच्या जुन्या एक्स-रेशी केलेली तुलना आजही बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या बरोबरीने मानली जाते. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये कितीतरी परदेशी मृतांची ओळख अशी पटली, कारण त्यांच्या गावच्या दंतवैद्यांनी कागद जपून ठेवले होते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझ्या दवाखान्यातील पंधरा वर्षांचे केसपेपर आणि फिल्मा पाण्यात गेल्या. कृष्णा उतरल्यानंतर चिखलातून काढलेल्या त्या फिल्मांवर काहीच दिसत नव्हते. तेव्हापासून प्रत्येक एक्स-रेची प्रत मी संगणकावर ठेवते, दुसरी प्रत शहराबाहेर ठेवते आणि तिसरी रुग्णाच्या मोबाइलवर पाठवते. माझ्या व्यवसायबंधूंनीही हे करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जतच्या त्या मुलाचा एक्स-रे असाच संगणकावर सापडला. केवळ दाखल्यासाठी नवा एक्स-रे मी काढला नसता. महिन्यापूर्वीच्या त्या चित्रात दुसऱ्या दाढेच्या मुळांची टोके बंद होत आली होती, पूर्ण झाली नव्हती. अक्कलदाढेचा माथा घडून मुळे नुकतीच धरू लागली होती. मी मिळालेले टप्पे लिहिले, भारतीय सूत्रांचे नाव लिहिले, आणि खाली लिहिले की यावरून वय तेरा ते सोळा वर्षांच्या दरम्यान संभवते. पंधराच्या आत की बाहेर, हे या तपासणीवरून ठरवता येत नाही.

वडिलांनी कागद दोनदा वाचला. "म्हंजी दातबी नक्की सांगत न्हाईत," ते म्हणाले. मी त्यांना उशिराच्या जन्मनोंदणीची पद्धत समजावून सांगितली: जन्माला एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि त्यासाठी जे काही पुरावे मिळतील ते जमवावे लागतात. बाळंतपण केलेली दाई हयात आहे का, लसीकरणाचे कार्ड कोणी जपले आहे का, असे मी विचारले. मुलगा तोवर गप्प होता. तो म्हणाला, आजीच्या ट्रंकेत पोलिओच्या डोसाचे एक कार्ड आहे, त्यावर काहीतरी तारीख लिहिलेली त्याने पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते दोघे आजोळी गेले.