बहात्तर होमरन आणि एक पेट्रोलपंप

जो बाउमन हे नाव अमेरिकेतही बेसबॉलचे आकडे चघळणाऱ्यांनाच ठाऊक. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल रॉकेट्स संघाच्या या सहा फूट पाच इंची डावखुऱ्यानं १९५४ साली १३८ सामन्यांत ७२ होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारे फटके, ठोकले. व्यावसायिक बेसबॉलच्या कुठल्याच पायरीवर एका हंगामात तोवर कुणी ६९ ओलांडले नव्हते. हा विक्रम मोडायला २००१ साल आणि बॅरी बॉन्ड्सचे ७३ लागले.

तरीही मोठ्या लीगमधून बोलावणं आलं नाही. रॉकेट्स खेळत ती लाँगहॉर्न लीग ‘सी’ दर्जाची, तिच्याखाली फक्त ‘डी’. शिवाय रॉसवेल समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. तिथं हवा सुमारे दहा टक्के विरळ, त्यामुळे चेंडूला अडवणारा रेटाही तेवढाच कमी. किनाऱ्यावरच्या मैदानात कुंपणाशी झेल ठरणारा उंच फटका इथं पलीकडे पडतो. पारखी माणसं हे सगळं वजा करूनच आकडा वाचत, आणि बाउमन तेव्हा बत्तिशीचा. पण ४९८ संधींत १९९ हिट (बेस गाठून देणारे फटके), म्हणजे तीन दशांश स्थळांपर्यंत .४०० सरासरी, ही काही निव्वळ हवेची करामत नव्हे.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, आर्टीसिया गावात एकापाठोपाठ दोन सामने होते आणि तो ६९ वर होता. त्याला सलामीला पाठवलं. हिशोब सोपा: नऊ जणांची पाळी फिरत राहते, म्हणून चौथ्याऐवजी पहिला आलात की सामन्यामागे सरासरी एक-तृतीयांश संधी जास्त. तोटा एवढाच, की पहिल्या वेळी बेसवर आधीचा कुणी फलंदाज धावायला उभा नसतो आणि होमरनला एकच धाव मिळते. त्या दिवशी मोजायचे होते होमरन, धावा नव्हेत. त्यानं तीन मारले.

पैशाचं म्हणाल तर होमरननंतर प्रेक्षक तारेच्या जाळीतून डॉलरच्या नोटा पुढे करत; तो जाळीलगत फिरून गोळा करी. गावात त्याचा टेक्साकोचा पंपही होता. त्याआधी १९४९ ते १९५१ तो ओक्लाहोमातल्या एल्क सिटीत चक्क अर्धव्यावसायिक संघाकडून खेळला, कारण तिथं जास्त पैसे मिळत. मला हा निर्णय शहाणपणाचाच वाटतो.

कारकिर्दीची बेरीज गमतीची: ३३७ होमरन, सरासरी .३३७. मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगखालच्या पायऱ्यांवर, सर्वाधिक होमरन मारणाऱ्याला २००२ पासून त्याच्या नावाचं पारितोषिक मिळतं, दर होमरनमागे २०० डॉलर.