फिल्टर बदलण्याआधी लेव्हलची नळी जोडा

गाडी ओढत नाही म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: कंपनीची एअर फिल्टरची डबी काढून टाक आणि उघडा कोन फिल्टर बसव. मग आवाज बदलतो, आणि आवाज बदलला की पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. मोजून बघितलं तर बऱ्याचदा उलटंच निघतं.

मोजायला दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुरतात. आत येणारी हवा ३ अंशांनी तापली की तिचं वजन साधारण १ टक्क्याने घटतं. आणि इंटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या, वाटेत १०० मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा अडथळा असेल, तरी हवा साधारण १ टक्क्यानेच कमी येते, कारण कोल्हापूरच्या उंचीवर वातावरणाचा सगळा दाब म्हणजे जेमतेम पावणेदहा मीटर पाणी. आता कोन फिल्टरचा हिशेब लावा. अडथळा १०० मिलिमीटरने कमी झाला, म्हणजे १ टक्का कमावला. पण हा फिल्टर बॉनेटच्या आत रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. ती बाहेरच्या हवेपेक्षा २५ अंशांनी जास्त तापलेली असली तरी ७-८ टक्के गेले. मे महिन्यात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला अडकलेल्या गाडीत फरक याहून मोठा असतो.

म्हणून आधी अडथळा कुठे आहे ते शोधायचं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, आतला व्यास ६ ते ८ मिलिमीटर, लांबी ५ मीटर. मीटरभर उंच फळीवर तिचा इंग्रजी यू करून क्लिपा मारा, मध्ये मोजपट्टी चिकटवा आणि निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं की रेघ लांबून दिसते. एक तोंड उघडं राहू द्या, दुसरं इंटेकला जोडा. मधे झाकणाला दोन भोकं पाडलेली रिकामी बाटली घाला, म्हणजे पाणी वर चढलंच तर बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही.

इंटेकला जोडायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह. त्याला ११.५ मिलिमीटरचं भोक लागतं. पाईप गाडीवर असताना ड्रिल मारू नका, प्लॅस्टिकचा कीस थेट इंजिनात जातो. पाईप काढा, भोक पाडा, कडा पात्याने साफ करा, व्हॉल्व्ह आतून बाहेर ओढून बसवा आणि मधली पिन काढून टाका. एक व्हॉल्व्ह फिल्टरच्या पुढे, थ्रॉटल किंवा टर्बोच्या अलीकडे. दुसरा डबीच्या मळक्या बाजूला, म्हणजे हवा फिल्टरमध्ये शिरण्याआधी.

रीडिंग उभ्या गाडीवर रेस करून मिळत नाही. मोकळा चढ बघा, दुसरा किंवा तिसरा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून जास्तीत जास्त आरपीएमपर्यंत न्या. फळी शेजारी बसलेल्याने धरायची, चालवणाऱ्याने तिकडे बघायचंही नाही. रीडिंग म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक. एका बाजूला पाणी ८० मिलिमीटर चढलं तर दुसऱ्या बाजूला तेवढंच उतरलेलं असतं, म्हणून रीडिंग १६०. इथे निम्मे लोक चुकतात.

समजा फिल्टरच्या पुढे २४० आलं आणि मळक्या बाजूला १५०. याचा अर्थ कागदाचा फिल्टर फक्त ९० अडवतोय आणि उरलेलं सगळं तोंडाकडच्या नळकांड्यात अडकलंय. अशा गाडीत हजारोंचा फिल्टर टाकून काय होणार? उलट फिल्टरचा वाटा २००-३०० निघाला तर तो भरलाय, नवा घाला आणि विषय संपवा. बऱ्याच डिझेल इंजिनांना फिल्टर बदलायची मर्यादा ६३५ मिलिमीटर, म्हणजे २५ इंच, दिलेली असते. त्याच्या आसपास पोचलेली गाडी चढाला काळा धूर टाकू शकते.

पेट्रोल गाडीचं एव्हरेज यातून वाढेल ही आशा सोडा. अर्ध्या रेसवर थ्रॉटलची पाकळी स्वतःच हवा अडवून धरते, त्यापुढे फिल्टरचा अडथळा किरकोळ असतो. जो काही फायदा आहे तो पूर्ण रेसवर.

तोंड अडवतंय हे कळलं की पाईपचा हिशेब. १२०० सीसीचं पेट्रोल इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला साधारण ५० लिटर हवा ओढतं. आतला व्यास ५० मिलिमीटर असेल तर हवेचा वेग सेकंदाला २६ मीटर होतो, ६३ ला तो १६ वर येतो. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ५० चा ६३ केला की पाईपमधलं नुकसान निम्म्याहून खाली येतं. ६३ चा ७५ करून फारसं काही हाती लागत नाही, जागा मात्र जाते. वळणं लांब आणि गोल ठेवा, काटकोनात जोडलेला तुकडा नको. बाजारात मिळणारा आत वळ्या असलेला फ्लेक्सिबल पाईप सोयीचा, पण गुळगुळीत पाईपच्या कितीतरी पट घासतो. लागलाच तर वीतभर. शेतीचा पीव्हीसी पाईप ग्रिलजवळच्या थंड भागात चालतो, इंजिनाशेजारी मऊ पडून वाकतो. तिथे ॲल्युमिनियम पाईप आणि सिलिकॉन होज.

तोंडाला नुसता कापलेला पाईप ठेवला तर हवा कडेवर दुमडून आत शिरते. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर नायलॉनची रिंग काढून घ्या, ६३ च्या पाईपला कडेची गोलाई १० मिलिमीटर. खरं सांगायचं तर बचत १०-१५ मिलिमीटर पाण्याचीच आहे. पण रिंग दिसते झकास, आणि नुकसान काहीच नाही.

तोंड कुठे ठेवायचं यात जास्त मिळतं. हेडलाईटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला, रेडिएटरच्या पुढे. डबी आणि एक्झॉस्टच्या मधे १ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बॉनेट बंद करून बघा, मग पत्रा कापा. पत्रा आणि डबी यांच्यात १० मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि वरच्या कडेला दाराचं रबरी बीडिंग, बॉनेटला टेकेल असं. एवढ्या कामाला अर्धा दिवस लागतो आणि खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. डबी कंपनीचीच राहू द्या.

एक बिघाड हमखास चकवतो. गाडी २५०० आरपीएमपर्यंत छान खेचते आणि मग गळा दाबल्यासारखी मरते. बंद करून बघितलं तर सगळं जागेवर. फिल्टरच्या पुढचा मऊ रबरी होज ओढीने आत चेपत असतो. साधा रेडिएटर होज कापून लावलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. तिथे आत तारेचं वेटोळं असलेला सक्शन होजच पाहिजे.

आता धूळ. आपल्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची वाळू आहे, हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि पाचट जाळल्याची राख आहे. काजळी फिल्टर चोंदवते, वाळू पिस्टनच्या रिंगा खाते. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका, लोखंडी रिंगेपेक्षा कठीण. म्हणून फिल्टरच्या पुढचा पाईप काढून आत पांढरं फडकं फिरवा. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ इंटेकला परत आणणाऱ्या नळीच्या, तेलाचा पिवळट ओशटपणा चालेल. मातकट रेघ उठली तर हवा फिल्टरला वळसा घालून येतेय. रबर सीट दबलीय, डबीची एखादी क्लिप तुटलीय किंवा होजच्या वळ्यांत चीर आहे. होज हाताने ताणल्याशिवाय ही चीर दिसत नाही. सीटला ग्रीसचा पातळ हात द्या, आठवड्याने उघडा. जिथून हवा चोरून येते तिथे ग्रीसवर धूळ चिकटून वाट दिसते.

कागदी फिल्टर कॉम्प्रेसरने मारायचाच असेल तर आतून बाहेर, ३० पीएसआयच्या आत आणि नोझल वीतभर लांब. टायरच्या दुकानात १०० च्या पुढचा दाब थेट कागदावर सोडतात, त्यात पडलेली भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. अंधारात आतून मोबाईलची बॅटरी लावून बघा. उसाच्या ट्रॅक्टरांवर ऑईल बाथ, म्हणजे तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा फिल्टर, असेल तर तेल खुणेपर्यंतच. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून भरलेलं तेल इंजिन ओढतं, आणि डिझेल इंजिन त्या तेलावरच सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. ऑईल लावायचा कापडी फिल्टर वापरणाऱ्यांनी आधी पाईपवर हवा मोजणारा तारेचा सेन्सर आहे का ते बघावं. जादा तेल त्याच्या तारेवर बसलं की रीडिंग बिघडतं. त्या सेन्सरच्या घराचा व्यास तर अजिबात बदलू नका.

कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलला एअर बॉक्सला भोकं पाडली की हवा वाढून पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं. प्लग पांढरा पडतो, रेस सोडल्यावर फटफट वाजतं, हेड तापतं आणि लांबच्या चढाला पिस्टन धरतो. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एकेक नंबर वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी पूर्ण रेसवर किलोमीटरभर पळवून तिथेच बंद करून प्लग काढा. विटकरी तपकिरी रंग आला की थांबा. बीएस-६ च्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हलक्या रेसवर सावरून घेतो, पूर्ण रेसवर नाही.

राहिलं पाणी. थंड हवेच्या नादात तोंड बंपरमध्ये खाली नेणं कोल्हापुरात तरी वेडेपणा आहे. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात महामार्गावर किती दिवस पाणी होतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि गुडघाभर पाण्यातही समोरून ट्रक गेला की लाट बॉनेटवर येते. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. पेट्रोलचे प्लग किंवा डिझेलचे ग्लो प्लग काढून आधी इंजिन हाताने फिरवा. गगनबावड्याच्या पावसाचे तुषार तोंडातून शिरतातच, त्यासाठी डबीच्या मळक्या बाजूच्या तळाला ६ मिलिमीटरचं भोक आणि त्यावर बदकाच्या चोचीसारखं एकतर्फी रबर ठेवा. कंपनीने भोक दिलं असेल तर ते चिखलाने बुजलं नाही ना ते तारेने तपासा. आणि मोजणं झालं की दोन्ही व्हॉल्व्हच्या पिना परत घालून टोप्या आवळा. पुढचा उघडा राहिला तर फिल्टरला वळसा घालणारी वाट आपणच करून दिली.