एका क्रियापदाच्या दोन वाटा

स्पॅनिशमधील 'येगार' म्हणजे पोहोचणे आणि रोमानियनमधील 'प्लेका' म्हणजे निघणे. अर्थाने एकमेकांकडे पाठ फिरवलेली ही दोन्ही क्रियापदे लॅटिनमधील 'प्लिकारे' या एकाच क्रियापदापासून आली आहेत, आणि त्याचा मूळ अर्थ होता घडी घालणे, दुमडणे. फ्रेंचमधील 'प्लिए' आणि इटालियनमधील 'प्येगारे' यांनी तो अर्थ आजही सांभाळला आहे.

रूपांमधील फरक नियमाने उलगडतो. लॅटिन शब्दारंभीचा 'प्ल' रोमानियनने तसाच ठेवला, इटालियनने त्याचा 'प्य' केला. स्पॅनिशमध्ये त्याचा तालव्य 'ल्य' होऊन आज बहुतेक ठिकाणी 'य' ऐकू येतो, तर पोर्तुगीजमध्ये 'च' होऊन पुढे 'श' झाला. म्हणून 'येगार'चे पोर्तुगीज भावंड 'शेगार' असे उच्चारले जाते. शब्दारंभीचा 'क्ल'ही पोर्तुगीजमध्ये याच मार्गाने गेला. किल्लीसाठी लॅटिन शब्द 'क्लाविस'. त्याचे पोर्तुगीज रूप आज 'शाव्ह' असे ऐकू येते, परंतु सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्याच्या आरंभी 'च' होता. त्यांच्याकडून आपण घेतलेल्या 'चावी'त तो जुना उच्चार टिकून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

अर्थाचे कोडे मात्र इतके सरळ सुटत नाही. सर्वत्र सांगितले जाणारे स्पष्टीकरण असे, की इबेरियातील, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडील, लोक दर्यावर्दी, बंदर आले की ते शिडे गुंडाळत, म्हणून दुमडणे म्हणजे पोहोचणे. आजच्या रोमानियाकडील डॅन्यूबकाठचे रोमन सैनिक मुक्काम हलवताना तंबू गुंडाळत, म्हणून दुमडणे म्हणजे निघणे. हे चित्र देखणे आहे, पण ते जरा जास्तच सुबक वाटते, आणि त्याचा शिडांचा भाग तर मला पटत नाही.

याचे कारण एजेरियाच्या प्रवासवर्णनात आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडून, बहुधा इबेरियाच्या वायव्य भागातून, पॅलेस्टाइनच्या यात्रेला गेलेल्या या स्त्रीने आपल्या धर्मभगिनींसाठी हे वर्णन लिहिले. त्याचे हस्तलिखित इटलीतील अरेत्सो येथे 1884 साली सापडले. तिच्या बोलीवळणाच्या लॅटिनमध्ये 'प्लिकारे' हे क्रियापद जवळ जाणे या अर्थाने येते, आणि तेही जमिनीवरील वाटचालीत, जिथे शिडांचा काही संबंध नाही. शिवाय प्रमाण लॅटिनमध्ये 'आप्लिकारे' म्हणजे टेकवणे, लगत नेणे, आणि जहाज किनाऱ्याला लावण्यासाठीही तेच क्रियापद वापरले जाई. लगत नेणे, मग लगत जाणे, मग पोहोचणे, ही साखळी मला अधिक विश्वासार्ह वाटते. जवळ येण्याचा तो अर्थ पोर्तुगीजमध्ये अजून जिवंत आहे: एखाद्याला जवळ बोलावताना आजही 'शेगा' म्हणतात. तोच 'शेगा' एकटा उद्गारला, तर 'पुरे' असा अर्थ होतो.

रोमानियनबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. तंबूंच्या कल्पनेला आपल्याकडील 'गाशा गुंडाळणे' हा वाक्प्रचार बळ देतो, कारण आवराआवरीतून निघून जाण्याचा अर्थ मराठीतही असाच आला आहे. कातालान भाषेत तर 'प्लेगा' म्हणजे दुमडणेही आणि दिवसाचे काम संपवून सुट्टी करणेही. तिथे शिडे नाहीत, तंबू नाहीत, केवळ आवरून निघणारा कामकरी आहे. एवढ्याने तंबूंची कथा सिद्ध होत नाही. पण घडी घालण्यापासून निघण्यापर्यंत जाण्यासाठी सैन्याची छावणीच हवी असे नाही, हे त्यातून दिसते. आणि रोमानियनमध्ये 'प्लेका'चा जुना अर्थही पुसला गेलेला नाही: मान खाली घालणे, डोके झुकवणे यासाठी आजही हेच क्रियापद वापरतात.