निळं पाणी नितळ झालं, पण खरं पाणी वेगळंच असतं

मिथिलिन ब्लू हा निळा डाय, म्हणजे रंग, ज्यांनी हाताळलाय त्यांना माहितीये, एकदा बोटाला लागला की कितीही धुवा, नखाच्या कडेला निळं राहतंच. पाणी शुद्ध करायच्या रिसर्चमध्ये येणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात या डायपासून होते, माझीही झाली. फ्लास्कमध्ये गडद निळं पाणी घ्यायचं, आपण बनवलेली काळी पावडर त्यात चिमूटभर टाकायची, शेकरवर ठेवायचं आणि तासाभराने सेंट्रिफ्यूज करून बघायचं, तर खाली काळा थर आणि वर पाणी एकदम काचेसारखं. मग ते क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक नळीत, घालून 664 नॅनोमीटरला, म्हणजे हा डाय जो प्रकाश शोषतो तिथे, रीडिंग घेतलं, जवळजवळ शून्य! पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

याला ॲडसॉर्प्शन म्हणतात. स्पंज पाणी पितो तसं हे नाही, इथे रेणू पृष्ठभागाला येऊन चिकटतात, म्हणून सगळा खेळ पृष्ठभाग किती आहे यावर. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे भरपूर छिद्रं असलेल्या कोळशाचा, एक ग्रॅम घेतला आणि त्याची आतली सगळी छिद्रं उलगडून पसरली तर 1000 चौरस मीटरच्या आसपास जागा भरते, चिमूटभर पावडरीत एवढी! आणि धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून ज्या जाळ्या बनवतात, एमओएफ, ज्यांच्या शोधाला 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्यातल्या काहींची जागा तर 7000 चौरस मीटरपर्यंत जाते. फक्त एमओएफ-5 सारखा नावाजलेला एमओएफ साध्या दमटपणानेही मोडायला लागतो, म्हणजे पाण्याच्या कामाला तो उपयोगाचा नाही, तिथे यूआयओ-66 सारखा पाण्यात टिकणारा एमओएफ लागतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मिथिलिन ब्लू हा सोपा पाहुणा आहे. चपटा रेणू, धन भार, ऋण भाराचा कुठलाही पृष्ठभाग दिसला की जाऊन बसतो. त्यामुळे त्याच्यावर 99 टक्के रिमूव्हल आलं म्हणजे मटेरियल भारी आहे असं मी तरी आता मानत नाही.

हे मला कळलं आर्सेनिक या विषावर काम करताना. आयर्न ऑक्साइडचा थर दिलेलं मटेरियल होतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये आर्सेनिक घालून टेस्ट केली तर रिझल्ट इतके सुंदर की ग्राफ काढून भिंतीला लावला होता. मग खरं भूजलाचं सॅम्पल आलं, तीच पावडर, तेवढाच वेळ, तेच तापमान, आणि आर्सेनिक बरंचसं पाण्यातच! दोन दिवस मला वाटलं माझंच वजन करताना काहीतरी चुकलं, परत केलं, परत तेच. कारण पाण्यातच होतं. त्यात फॉस्फेट होतं, आणि फॉस्फेट म्हणजे केमिस्ट्रीच्या भाषेत आर्सेनेटचा (पाच व्हॅलेन्सीच्या आर्सेनिकचा) सख्खा भाऊच, आयर्न ऑक्साइडवर त्याला बरोब्बर तीच जागा लागते, वरून सिलिकेटही होतं, तर हे दोघं आधीच जागा अडवून बसलेले. शिवाय भूजलात आर्सेनिकचा बराच भाग तीन व्हॅलेन्सीचा असू शकतो, त्यावर साध्या पीएचला भारच नसतो, म्हणून तो पकडायला अवघड. आधी त्याचं ऑक्सिडेशन करून पाच व्हॅलेन्सीचं करायला लागतं. आणि डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे "बऱ्यापैकी निघालं" याला इथे काही अर्थच नाही, पाणी कुणीतरी पिणारे.

बरं, निघालं समजा, तर गेलं कुठे? पावडरीवर. पावडर भरली की कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायची, मग आर्सेनिक त्या थोड्याशा कॉस्टिकमध्ये घट्ट होऊन बसतं आणि आता त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. पेपरमध्ये पावडर पाच वेळा धुऊन परत वापरल्याचा बार ग्राफ असतो, या कॉस्टिकच्या बाटलीबद्दल एक ओळ नसते, याचा मला मनापासून त्रास होतो.

म्हणून काही जण प्रदूषक पकडण्यापेक्षा मोडायच्या मागे आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडता येतं हे फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 ला दाखवलं, त्याच वाटेने पुढे डाय आणि कीटकनाशकं मोडायचं काम सुरू झालं. अडचण एवढीच की त्याला अल्ट्राव्हायोलेट लागतो आणि उन्हात तो जेमतेम 4-5 टक्के. आणि आर्सेनिक तर मूलद्रव्यच, ते मोडणार कसं, पकडायलाच लागणार.

सध्या फ्लास्क बाजूला ठेवलेत. काचेची नळी, त्यात मटेरियल भरलेलं, वरून खरं भूजल, खालून थेंब थेंब, आणि दर दोन तासांनी सॅम्पल. आज नववा दिवस, खालच्या पाण्यात आर्सेनिक अजून मर्यादेच्या आत आहे. ज्या दिवशी ते 10 च्या वर जाईल त्या दिवशी किती लिटर झालं ते इथे टाकते, आणि धुतलेल्या कॉस्टिकचं काय केलं तेही.